सेवेचा कागद, यंत्राची लेखणी

महाराष्ट्रातील कोणत्याही सामाजिक संस्थेच्या कार्यालयात मार्चअखेरपासून गणपतीपर्यंत केव्हाही डोकावले, तर तेथे समाजसेवेपेक्षा कारकुनीच अधिक चाललेली दिसते. आर्थिक वर्ष संपलेले असते. लेखापरीक्षकाला व्हाउचर हवी असतात, देणगीदार कंपनीला तिमाही अहवाल हवा असतो, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे हिशेबपत्रके जायची असतात. त्यातच एखाद्या विश्वस्ताचे निधन झाले असेल, तर ९० दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट दाखल करायचा असतो. छोट्या संस्थेत हे सारे करणारा माणूस बहुधा एकच असतो. तोच हिशेबनीस, तोच टंकलेखक आणि आलेल्या पाहुण्यासाठी चहा सांगणाराही तोच.

गेल्या दोन-तीन वर्षांत या माणसाला एक मदतनीस मिळाला आहे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘चॅटजीपीटी’ सर्वांसाठी खुले झाले. पाठोपाठ जेमिनी, कोपायलट, क्लॉड अशी त्याच जातीची इतर साधने आली. मोबाइलवर प्रश्न टाकावा आणि पत्र, प्रस्ताव किंवा इतिवृत्त तयार होऊन यावे, ही गोष्ट आता तालुक्याच्या गावीही अपूर्वाईची राहिलेली नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे मोठ्या कंपन्यांतील किती नोकऱ्या जातील, याची चर्चा रोज होते. संस्थांच्या कचेऱ्यांत मात्र हा मदतनीस नेमके काय करतो आहे, याकडे फारसे कोणी पाहत नाही. पाहायला हवे, कारण कंपनीच्या कागदावर बहुधा मालाचा हिशेब असतो, तर संस्थेच्या कागदावर कोणाच्या तरी घरातील गोष्ट लिहिलेली असते. आणि ज्याची ती गोष्ट असते, त्याला तो कागद वाचायला मिळतोच असे नाही.

कागद वाढला कसा?

संस्था आणि कागद यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. १८७० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७६-७७च्या दुष्काळात जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली आणि ती सरकारपुढे मांडली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा घराघरांतून मूठमूठ धान्य जमा होई आणि त्या मुठीचा हिशेब गावाला द्यावा लागे. या दोन्ही ठिकाणी कागद हा कामाचाच भाग होता. एक कागद लोकांच्या वतीने सरकारशी बोलत होता, दुसरा लोकांनाच उत्तर देत होता.

आजचा कागद बराचसा वरच्या दिशेने जातो. १८६०चा सोसायटी नोंदणी कायदा आणि १९५०चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा हे जुने पाये आहेतच. त्यावर कंपनी कायद्यातील तरतुदीनुसार १ एप्रिल २०१४पासून ठराविक आकाराच्या कंपन्यांना आपल्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक झाले. पैसा आला; त्याबरोबर प्रस्तावाचे नमुने, तिमाही अहवाल, छायाचित्रे, लाभार्थ्यांच्या याद्या आणि ‘यशोगाथा’ही आल्या. २०२१पासून अशा संस्थांना कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे वेगळी नोंदणी करावी लागू लागली. प्राप्तिकरातील सवलतीची नोंदणी एकदा मिळाली की कायमची, ही सोयही त्याच वर्षी संपली. ती आता ठराविक मुदतीने नव्याने घ्यावी लागते.

दुसऱ्या बाजूने कागद करण्यासाठी लागणारा पैसा आटत गेला. परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली आणि अशा देणगीतून करावयाच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. घेतलेली रक्कम दुसऱ्या संस्थेला देण्यासही बंदी झाली. त्यामुळे मोठ्या संस्थेच्या छायेत कागदपत्रांची कटकट टाळून काम करणाऱ्या लहान संस्था उघड्यावर पडल्या. देशातील देणगीदारही ‘आमचा पैसा थेट गरिबांपर्यंत पोचावा’ असे म्हणतात. भावना चांगली आहे. पण पैसा गरिबांपर्यंत पोचल्याचा पुरावा तयार करणाऱ्या माणसाचा पगार कोणी द्यायचा, याचे उत्तर त्या भावनेत नसते. काम वाढले आणि माणसे घटली, अशा वेळी फुकट किंवा थोडक्या पैशांत राबणारे यंत्र दारात आले. त्याचे स्वागत झाले यात नवल ते काय?

अर्जनविसाची आठवण

या स्वागताला आधारही आहे. चाळीस पानांच्या इंग्रजी मार्गदर्शक सूचनांतून आपल्या संस्थेला लागू होणारे चार मुद्दे काढणे, दोन तासांच्या बैठकीच्या टिपणांवरून इतिवृत्ताचा कच्चा मसुदा करणे, देणगीदारांच्या तीन वेगवेगळ्या याद्या एकत्र करून दुबार नावे शोधणे, एक्सेलमधले अडलेले सूत्र सोडवणे, आभाराची पत्रे लिहिणे, शासन निर्णयाची भाषा सोपी करून सांगणे, ही कामे ही साधने चांगली करतात. संध्याकाळी सातपर्यंत कचेरीत अडकणारी कार्यकर्ती पाच वाजता वस्तीत जाऊ शकत असेल, तर त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही.

पण हे यंत्र काम कसे करते, ते समजून घेतले पाहिजे. त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. जुन्या वाचकांना तहसील कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस आठवत असेल. हजारो अर्ज लिहून त्याच्या हाताला वळण पडलेले असे. ‘विनंती अर्ज सादर करण्यात येतो की’ म्हटल्यावर पुढे काय येते, हे त्याला झोपेतही सांगता आले असते. हे यंत्र असाच एक महाअर्जनवीस आहे. अफाट मजकूर वाचून, अमुक शब्दांनंतर कोणते शब्द येतात याची सवय त्याने लावून घेतली आहे. फरक इतकाच, की खरा अर्जनवीस गट नंबर माहीत नसेल तर मान वर करून विचारी. हे यंत्र पुष्कळदा न विचारता शोभेलसा नंबर घालून मोकळे होते, आणि घातल्याचे सांगत नाही.

ही भीती काल्पनिक नाही. २०२३ साली न्यूयॉर्कमधील दोन वकिलांना न्यायालयाने दंड केला, कारण त्यांनी यंत्राकडून घेतलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयापुढे मांडले होते. २०२५ साली ऑस्ट्रेलियात ‘डेलॉइट’ या जगप्रसिद्ध सल्लागार कंपनीला सरकारकडून घेतलेल्या शुल्काचा काही भाग परत करावा लागला. तिच्या अहवालात खोटे संदर्भ आढळले होते, आणि तो तयार करताना कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर झाला होता. अहवाल कशाविषयी होता? सरकारी मदत घेणाऱ्या बेरोजगारांना लावल्या जाणाऱ्या शिस्तीच्या व्यवस्थेविषयी. म्हणजे तेथेही कागदाच्या दुसऱ्या टोकाला गरीब माणूसच उभा होता. नव्या आवृत्त्यांत ही खोड कमी झाली आहे, गेलेली नाही. तपासायला हाताशी माणसे असलेल्या कंपनीची ही गत, तर एकट्या हिशेबनिसावर चालणाऱ्या संस्थेने किती जपायला हवे!

‘कोयता’ म्हणजे काय?

खोटा आकडा निदान पकडता तरी येतो. त्याहून सूक्ष्म नुकसान भाषेचे आहे. समजा, बीडकडच्या एखाद्या कार्यकर्तीने ऊसतोड कुटुंबाची नोंद मराठीत केली: ‘एका कोयत्यावर उचल घेतली, फिटली नाही, म्हणून यंदाही त्याच मुकादमाच्या टोळीत जावे लागले.’ या वाक्याचा इंग्रजी अहवालासाठी तर्जुमा करायचा आहे. ज्याला तो प्रदेश ठाऊक नाही, त्याच्या लेखी कोयता म्हणजे एक हत्यार. ऊसतोडीच्या व्यवहारात मात्र ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तिच्यावर मिळून उचल दिली जाते. ‘उचल’चे भाषांतर नुसते ‘आगाऊ रक्कम’ असे झाले, की त्या शब्दामागची सक्ती पुसली जाते. जोडीतल्या बाईचा स्वतंत्र हिशेब कोठेच का नसतो, हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तर वाचणाऱ्याच्या मनात येतच नाही.

२०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला, शासनाला समिती नेमून पाहणी करावी लागली. असे प्रश्न वर येतात, ते कोणीतरी बायकांपाशी बसून त्यांच्या शब्दांत ऐकलेले असते म्हणून. ‘अनियमित आरोग्यसेवेमुळे प्रतिकूल परिणाम’ अशा गुळगुळीत वाक्यात ते ऐकू येत नाहीत. आणि यंत्राचा ओढा नेमका गुळगुळीतपणाकडे असतो. त्याने जे वाचले आहे त्यात इंग्रजी उदंड आहे, हिंदी बऱ्यापैकी आहे, मराठी त्या मानाने थोडी आणि कोरकू, गोंडी, भिल्ली, कातकरी बोली जवळजवळ नाहीतच. भारत सरकारने २०२२ साली सुरू केलेला ‘भाषिणी’ उपक्रम ही दरी बुजवण्याच्या प्रयत्नात आहे. पण तूर्त तरी मेळघाटातील बाईचे म्हणणे आधी मराठीत, मग इंग्रजीत आणि मग यंत्राच्या इस्त्रीखाली जाते. तिसऱ्या पायरीनंतर ते तिचे किती उरते?

येथे एक व्यावहारिक अडचणही सांगितली पाहिजे. अनेक जुन्या संस्थांचे दप्तर युनिकोडपूर्व काळातील निरनिराळ्या मराठी फाँटमध्ये टंकलेले आहे. यंत्राला त्यात अक्षरांऐवजी चिन्हांचा बाजार दिसतो. म्हणजे संस्थेचा पंचवीस-तीस वर्षांचा खरा अनुभव यंत्राच्या नजरेबाहेर, आणि प्रस्ताव लिहिताना आधार कोणाचा, तर परक्या मजकुराचा! कचेरीत थोडा वेळ वाचणार असेल, तर तो आधी हे दप्तर युनिकोडमध्ये आणण्यासाठी खर्च करावा.

दुसऱ्याचे गुपित

आता सर्वांत नाजूक मुद्दा. बालगृहातील मुलाची माहिती, मार खाऊन आलेल्या बाईचा जबाब, एचआयव्हीग्रस्ताची औषधांची नोंद हे कागद संस्थेच्या कपाटात असतात, पण संस्थेच्या मालकीचे नसतात. अत्याचारग्रस्त बालकांची ओळख उघड होऊ नये यासाठी २०१२च्या पॉक्सो कायद्यात आणि २०१५च्या बालन्याय कायद्यात स्पष्ट तरतुदी आहेत. एचआयव्हीबाबत २०१७चा कायदा गोपनीयतेचे बंधन घालतो. २०२३ साली संसदेने वैयक्तिक विदा संरक्षणाचा सर्वसाधारण कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले असून तो टप्प्याटप्प्याने अमलात येत आहे. सेवाभावी संस्था म्हणून त्यातून सरसकट सूट मिळत नाही.

अडचण अशी, की हे गुपित बाहेर जाताना कोणाला चोरी केल्यासारखे वाटतच नाही. कार्यकर्ती पन्नास प्रकरणांची नोंदवही यंत्रात टाकते आणि म्हणते, ‘याचा गोषवारा करून दे.’ तिचा हेतू शुद्ध असतो. पण ती नोंदवही त्या क्षणी कचेरीच्या भिंतींबाहेर, दुसऱ्या कोणाच्या तरी संगणकावर गेलेली असते. काही कंपन्यांच्या मोफत सेवांत वापरणाऱ्याने पर्याय बंद केला नाही, तर अशा मजकुराचा उपयोग पुढे यंत्राच्या शिकवणीसाठीही होऊ शकतो. ज्या बाईने आपले म्हणणे सांगितले, तिने ते समोर बसलेल्या ताईला सांगितले होते. तेवढ्या विश्वासावर सांगितले होते. नाव, गाव, वय, शाळा, आधार क्रमांक काढून टाकल्याशिवाय कोणताही प्रकरण-कागद यंत्राला द्यायचा नाही, हा नियम प्रत्येक संस्थेने भिंतीवर लावावा. लहान गावात तर नाव काढूनही भागत नाही. ‘पोलिसपाटलाची धाकटी सून’ एवढ्यावरून माणूस ओळखता येतो. असे कागद हातानेच लिहावेत.

मदतनीस की बदली?

कचेरीतील मदतनीस दारापर्यंत केव्हा पोचतो, तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत खाण्याच्या विकारांनी ग्रासलेल्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या नॅशनल इटिंग डिसऑर्डर्स असोसिएशन या संस्थेने २०२३ साली आपली अनेक वर्षांची दूरध्वनी मदतसेवा बंद करण्याचे ठरवले. तिच्याकडे ‘टेसा’ नावाचा संभाषण करणारा संगणकीय कार्यक्रम होता. मे महिन्याच्या अखेरीस उघडकीस आले, की हा कार्यक्रम अशा रुग्णांना वजन कमी करण्याचे, उष्मांक मोजण्याचे सल्ले देत होता. ज्या सवयीमुळे माणसे आजारी पडली, तिचाच उपदेश! संस्थेला तो ताबडतोब बंद करावा लागला.

याउलट आपल्याकडचे एक उदाहरण मुंबईच्या ‘अरमान’ या संस्थेचे आहे. गरोदर स्त्रिया आणि नव्या माता यांना दूरध्वनीवरून आरोग्याचे संदेश देण्याच्या कामात, कोणत्या स्त्रिया संदेश ऐकणे सोडून देण्याची शक्यता आहे याचा अंदाज संगणकाकडून घ्यायचा आणि त्यांना संस्थेच्या माणसाने फोन करायचा, अशी पद्धत तिने वापरली. यंत्र बोट दाखवते, बोलायचे काम माणूस करतो. कचेरीतही हीच विभागणी चालण्यासारखी आहे.

इंग्रजीचा उंबरठा

या साधनांच्या बाजूने एक मोठी गोष्ट बोलली पाहिजे. देणगीच्या बाजारात इंग्रजी हा आजवर उंबरठा होता. गडचिरोलीत किंवा नंदुरबारमध्ये वीस वर्षे तळमळीने काम करणारी संस्था प्रस्तावात मागे पडे, आणि मुंबई-पुण्यातील चटपटीत इंग्रजी लिहिणारी संस्था पुढे जाई. आता धुळ्याचा कार्यकर्ता मराठीत सांगतो आणि नीटनेटका इंग्रजी प्रस्ताव तयार होतो. हा न्यायच आहे.

मात्र तो किती दिवस टिकेल? सर्वांचे प्रस्ताव सारखेच नीटनेटके झाले, की त्यावरून निवड करता येणार नाही. ढीग वाढला, की देणगीदारांची कचेरीही तो वाचण्यासाठी यंत्र लावील. यंत्राने लिहायचे, यंत्राने वाचायचे आणि मध्ये दोन्हीकडच्या माणसांनी सह्या करायच्या! कागद स्वस्त झाला की त्याची मागणी वाढते, हा अनुभव संगणक आला तेव्हाही आला होता. वर्षाचा अहवाल तिमाही झाला. उद्या तो मासिक होणार नाही कशावरून?

म्हणून या प्रश्नाचे अर्धे उत्तर देणगीदारांकडे आहे. पाच लाखांच्या मदतीसाठी पन्नास लाखांच्या मदतीइतकेच रकाने का भरायचे? अहवाल मराठीत का चालू नये? वाचायचे भाषांतर कंपनीने आपल्या खर्चाने का करून घेऊ नये? चकचकीत यशोगाथेऐवजी वर्षातून एक दिवस अधिकाऱ्याने गावात येऊन लोकांशी बोलावे, ही अट अधिक उपयोगाची नाही का? कारकुनीचा वेळ यंत्रामुळे वाचत असेल, तर तो आणखी कागद मागून परत हिरावून घेऊ नये, एवढे तर म्हणता येईल.

काय करावे?

संस्थांनी करण्यासारख्या गोष्टी अवघड नाहीत. पत्रे, जाहिराती, आमंत्रणे, मसुदे, सूत्रे ही कामे खुशाल यंत्राकडे द्यावीत. आकडा मात्र मूळ नोंदवहीतूनच यावा आणि ज्याने तो लिहिला त्याची सही शेजारी असावी. शासन निर्णयाचा गोषवारा यंत्राने केला, तरी त्यावरचा संगणक सांकेतांक घालून मूळ निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उघडून पाहावा आणि मगच लोकांना सांगावे. लाभार्थ्याचे म्हणणे त्याच्या शब्दांत नोंदवावे, भाषांतराखाली मूळ मराठी ठेवावे आणि जमेल तेथे ते त्याला वाचून दाखवावे. ‘असे मी म्हटलेच नव्हते’ असे तो म्हणाला, तर मजकूर बदलावा. कोणते काम यंत्राकडून करून घेतो, हे देणगीदारापासून लपवू नये. आणि हे सारे एका ठरावात बसवून कार्यकारिणीच्या इतिवृत्तात घ्यावे. म्हणजे जबाबदारी त्या एकट्या हिशेबनिसाच्या माथी येणार नाही.

संस्थांच्या कागदात बळ कोठून येते, याचा एक दाखला महाराष्ट्रातच आहे. राज्यातील १३ स्वयंसेवी संस्थांनी गावोगावी जन्म आणि बालमृत्यू मोजले आणि २००१ साली ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल प्रसिद्ध केला. सरकारी दप्तरातील नोंदींपेक्षा प्रत्यक्षातील बालमृत्यू कितीतरी अधिक असल्याचे त्यातून पुढे आले. पुढे शासनाला डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली. त्या अहवालाची भाषा डौलदार होती की साधी, याची चौकशी कोणी केली नाही. प्रत्येक मृत्यूमागे एक घर होते, आणि त्या घरी जाऊन विचारणारा माणूस होता. म्हणून सरकारला तो आकडा झटकून टाकता आला नाही.

यंत्राला त्या घरी जाता येत नाही. जाऊन आलेल्या माणसाचा लिहिण्याचा भार ते हलका करू शकते, आणि तेवढ्यासाठी ते जरूर वापरावे. वाचलेला वेळ पुन्हा त्या घरांकडे जातो की नाही, एवढे मात्र विश्वस्तांनी दर वर्षी हिशेबाबरोबर तपासत राहावे.